वर्ग आणि शिक्षकाचे मन

(संस्थेच्या महोत्सवी सभेत निवृत्त शिक्षकांच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवात शिक्षकांच्या वतीने कोणीतरी चार शब्द बोलावेत असे चिटणीसांनी सुचविले, तेव्हा आम्ही चौघे निवृत्त शिक्षक एकत्र बसलो. चौघांची मिळून नोकरी शंभर वर्षांवर जाते. कोणी बेल्याकडे काढली, कोणी बोथ-बाजारहत्नूरच्या बाजूला, कोणी नारनूर-जैनूरच्या डोंगरात. उभा एकजण असला तरी शब्द चौघांचे आहेत, म्हणून 'आम्ही' म्हणतो. त्यात मोठेपणा नाही.

शिक्षकाची थोरवी सांगणारे भाषण आपण दर वर्षी ५ सप्टेंबरला ऐकता. तेच पुन्हा ऐकविण्यासाठी आपला वेळ घ्यावा असे आम्हाला वाटले नाही. वर्गात आम्ही काय केले, काय चुकलो, आणि त्या चुका मनावर घेऊन पुन्हा दुसऱ्या दिवशी घंटा कशी वाजविली, एवढेच सांगावयाचे आहे.

आमच्यापैकी तिघांची सुरुवात एकशिक्षकी शाळेत झाली. चार इयत्ता, एक फळा, चाळीस-पंचेचाळीस मुले. शाळेचे माध्यम मराठी. परंतु घरी मराठी बोलणारी मुले म्हणजे कुणब्यांची, माळ्यांची, आंधांची आणि प्रधानांची. (प्रधान हे गोंडांचे भाट. किकरीवर गोंडांच्या कुळकथा गातात त्या गोंडीत, आणि घरी मात्र बोलतात मराठी. आपल्या जिल्ह्याची ही गंमत बाहेरच्यांना सांगितली तर खरी वाटत नाही.) उरलेली मुले गोंडांची, कोलामांची, तांड्यावरच्या लमाणांची. त्यांच्या कानांवर मराठी बाजारच्या दिवशी पडे, तेवढीच.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी वर्गात आल्याबरोबर आमचा एक सोबती मोठ्याने म्हणे, "पाटी-पेन काढा!" कुणब्यांची मुले पाट्या काढीत. गोंडांची मुले एकमेकांकडे पाहत. त्याला वाटले, मुले आळशी आहेत. पुढे एका प्रधानाच्या पोराने उलगडा केला. गोंडीत 'पेन' म्हणजे देव! कुळाचा मोठा देव तो पेर्सा पेन. तो वेळेवाचून आणि विधीवाचून बाहेर काढीत नाहीत. आणि हा नवा मास्तर रोज सकाळी देव बाहेर काढायला सांगतो! आम्ही त्यावर पुष्कळ हसलो, मुलेही हसली. पण सगळ्याच गोष्टी अशा हसण्यावारी गेल्या नाहीत.

आता जी गोष्ट सांगतो ती आमच्यापैकी एकाच्या हातून घडलेली आहे. ती येथे सांगावी असे त्यानेच म्हटले. त्याचे नाव मात्र विचारू नये.

पावसाळा होता. शाळेचे छप्पर दोन ठिकाणी गळत होते. दोन महिन्यांचा पगार यायचा होता, आणि आठ दिवसांवर तपासणी आलेली. पहिलीत एक कोलामाचा मुलगा होता, सहा-सात वर्षांचा. जूनपासून त्याने वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता. हजेरीला हात वर करी, तेवढेच. मास्तर रोज विचारी, "तुझ्या घरी माणसे किती?" मुलगा जमिनीकडे पाही. त्या दिवशी तोच प्रश्न तीनदा विचारला, तीनदा तो तसाच उभा राहिला, आणि मास्तरांनी रूळ उचलला.

मुलगा रडला नाही. वर्ग मात्र गप्प झाला. चाळीस मुलांचा वर्ग असा गप्प झाला की छपरातून बादलीत पडणारे थेंब ऐकू येऊ लागले. आमचा सोबती सांगतो, इतका शांत वर्ग त्याने उभ्या नोकरीत पाहिला नाही, आणि पुन्हा पाहण्याची इच्छाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर चिखल तुडवीत त्याच्या गुड्यावर गेले. मुलगा काटेरी कुंपणाच्या तोंडाशी उभा होता. शेळ्या आत घेत होता, आणि एकेका शेळीच्या पाठीवर हात ठेवून तिला काही म्हणत होता. नावे घेत असावा, किंवा मोजीत असावा. कोलामीत होते, मास्तरांना कळले नाही. कळले ते एवढेच की एक शेळी कमी भरली, ती त्याने कोणी न सांगता ओळखली, आणि तो तिला शोधायला उतारावर पळाला.

बाप घरातून बाहेर आला. त्याने खाट टाकली, पाणी दिले. मास्तरांना वाटले, आता हा जाब विचारील. त्याने हात जोडले. मोडक्या मराठीत म्हणाला, "मास्तर, पोराचं चुकलं असंल. मुकं नाही ते. घरी लय बोलतं."

आमचा सोबती म्हणतो, त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

बंधुभगिनींनो, हे आम्ही आपल्यापुढे का मांडतो? आपण आदिलाबादकर मराठी माणसे. भाषेचे दुःख आपल्याला कोणी शिकवायला नको. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, किनवट आणि राजुरा हे तालुके महाराष्ट्राच्या वाट्याच्या भागात गेले, आणि आपण येथे राहिलो. कचेरीतला कागद तेलुगूत आला, हायस्कुलात गेलेला आपला मुलगा मागच्या बाकावर गप्प बसू लागला, म्हणून आपल्या घराघरांत हळहळ झाली. आजही होते. २०१८ च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत तेलुगू आवश्यक झाली, २०२२ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आले, आणि आपली नातवंडे आता इंग्रजीत गप्प बसतात. हे सारे आपण जाणतो. आणि तरीही आपल्याच मराठी वर्गात गोंडाचा, कोलामाचा मुलगा गप्प बसला, तेव्हा आपण शिक्षकांनी त्याला काय म्हटले? 'मठ्ठ' म्हटले. आपल्या मुलाचे मौन हा अन्याय, आणि त्याच्या मुलाचे मौन हा मठ्ठपणा, असा हा आमचा हिशेब होता. तो आम्ही बरीच वर्षे चालविला.

ह्यातली खरी खंत निराळीच आहे. ह्या दुखण्यावर औषध आमच्या जन्माआधी, आमच्याच जिल्ह्यात निघाले होते, आणि आम्हाला ते प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते. जैनूरजवळचे मार्लवाई आपल्याला माहीत आहे. २०१६ साली आपल्या जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हापासून ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. कुमरम भीम १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यानंतर संस्थानाच्या सरकारला गोंडांची चौकशी करण्याची बुद्धी झाली, आणि त्या कामी ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या मानवशास्त्रज्ञाची योजना झाली. गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा जर्मन पारपत्रामुळे ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, आणि त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतच राहावे लागले. असा हा अडकून पडलेला परका माणूस मार्लवाईत गोंडांच्या शेजारी झोपडी बांधून राहिला, त्यांची भाषा शिकला, आणि १९४३ साली तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले.

शिक्षक आणावयाचे कोठून? लिहितावाचता येणारे गोंड बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांना जी थोडी अक्षरओळख होती ती मराठीची. त्यांनाच हाताशी धरले. गोंडी भाषेतील वाचनपाठ देवनागरी अक्षरांत तयार करून छापले. म्हणजे मुलाने अक्षर नवे शिकावयाचे, पण शब्द त्याच्या घरचाच. 'येर' हे अक्षरात पाहिले की पाणी डोळ्यांपुढे यावे, 'रोन' वाचले की घर. एकदा वाचण्याची किल्ली हाती आली की मग मराठी. मुलावर एका वेळी एकच ओझे.

आपल्या मराठी माणसाचाही ह्या कामाला हात लागला आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. इतिहासकार म्हणून आपण ज्यांना मानतो ते सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या नोकरीत असताना आदिलाबादला होते. ते गोंडी शिकले, येथल्या गोंडांवर त्यांनी पुस्तक लिहिले, गोंडीचे व्याकरणही लिहिले. अधिकाऱ्याने प्रजेची भाषा शिकावी हे आपल्याकडे अपूर्वच. पुढे प्रांतरचनेनंतर माध्यम तेलुगू झाले आणि ती गोंडी वाचने मागे पडली. हायमेनडॉर्फ ह्यांच्या पत्नी बेट्टी १९८७ साली हैदराबादेत वारल्या. त्यांना मार्लवाईतच पुरले आहे. गाव अजून त्यांची आठवण करते. एका शिक्षणयोजनेची समाधी लोक पुजतात आणि योजना मात्र विसरली जाते. असो.

रुळाच्या त्या प्रसंगानंतर आमचा वर्ग कसा बदलला, हे आता सांगतो. त्यात कसली पद्धत वगैरे नव्हती. अडत अडत सुचत गेले.

पहिले म्हणजे मास्तर विद्यार्थी झाला. फळ्याचे उभे भाग पाडले. पाणी, त्याच्यापुढे गोंडीतले येर, त्याच्यापुढे तेलुगूतले नीळ्ळु. कोलामी शब्द कोलामांच्या मुलांनी सांगावयाचा आणि मास्तरांनी म्हणून दाखवावयाचा. मास्तरांचा उच्चार हटकून चुके, आणि वर्ग खोखो हसे. त्या हसण्याने जे काम केले ते रुळाने चार महिन्यांत केले नव्हते. मास्तर चुकतो, हसला जातो, आणि तरी मरत नाही, हे एकदा मुलाने पाहिले की तोही चुकायला तयार होतो. ह्या वहीत पुढे काही शेकडा शब्द जमले. बदलीत ती वही हरवली, ह्याचे आम्हाला अजून वाईट वाटते.

दुसरे, थांबणे. अमेरिकेत मेरी बड रो ह्या विदुषींनी १९७० च्या सुमारास वर्गांतले बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतो, आणि लगेच दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच उत्तर देतो, असे त्यांना आढळले. तीन सेकंद थांबले तरी उत्तरे लांब येतात, आणि मागे पडलेली मुले बोलू लागतात. आम्हाला हे वाचायला मिळाले फार उशिरा, पण अनुभवाने आम्ही तेथेच पोहोचलो होतो. आमच्या मुलाला तर प्रश्न मराठीत ऐकून कोलामीत उतरवावयाचा, उत्तर कोलामीत सापडवून मराठीत आणावयाचे. आम्ही मनातल्या मनात दहा आकडे मोजू लागलो. दहा आकडे फार लांब असतात हो! एका बाजूला तिसरी-चौथीची मुले कालवा करीत असतात, आणि आपण एका मुलाच्या ओठांकडे पाहत उभे. ऐकणाऱ्याला हे सोपे वाटेल. घरी जाऊन नातवाला एक प्रश्न विचारून दहापर्यंत मोजून पाहावे.

तिसरे, मोजणी. तुझ्या घरी माणसे किती, हा प्रश्न आम्ही सोडला. कोलामाचे घर म्हणजे कोण, आजी धरावी की नाही, शेजारच्या खोपटातला चुलता धरावा की नाही, ह्याचा त्या मुलाला खरोखरच प्रश्न पडत असावा. त्याऐवजी चिंचोके, मोहाच्या बिया, आणि शेळ्या. कोसबादला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती, हे आपल्याला ठाऊक आहे. आम्हाला तेवढे धैर्य नव्हते, तपासणीची भीती होती. शनिवारी सकाळची शाळा मात्र आम्ही उतारावर भरवू लागलो. वजाबाकी तेथे चांगली होते. एक शेळी कमी भरली की ती कोणाला शिकवावी लागत नाही.

चौथीची मुले पहिलीच्या मुलांना शिकवीत, हे जुनेच. त्यात आम्ही एक केले. लहान मुलाने गोष्ट आपल्या भाषेत सांगावयाची, मोठ्याने ती मराठीत करावयाची, मास्तरांनी फळ्यावर लिहावयाची, आणि मग ती सर्वांनी वाचावयाची. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि दिवाळीच्या दंडारीच्या वेळी वर्ग ओस पडे. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला तर आम्ही पटावर मुले शोधण्यापेक्षा जत्रेलाच जात असू. परत आल्यावर आठ दिवस फळा अपुरा पडे, इतक्या गोष्टी.

येथवर वर्गातले झाले. आता मास्तरांचे.

शिक्षकाचा राग हा बहुधा राग नसतो. ती भीती असते, किंवा असहायता. तपासणीची, निकालाची, आणि सर्वांत मोठी ही की आपल्याला शिकवता येत नाही हे आता सर्वांना कळणार. मुलाचे मौन त्या जागी बोट ठेवते. रूळ उचलणारा हात मुलासाठी उचललेला नसतोच मुळी. हे आम्हाला आज सांगता येते. तेव्हा कोणी आम्हाला विचारले असते तर आम्ही शिस्तीवर भाषण दिले असते.

आर्ली हॉक्शील्ड ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंचे एक पुस्तक १९८३ साली निघाले, ते हवाईसुंदऱ्यांवर. पगाराच्या बदल्यात चेहऱ्यावर हसू ठेवावे लागणे हे सुद्धा श्रमच आहेत, असे त्या म्हणतात. हवाईसुंदरीचे विमान निदान दोन-चार तासांनी उतरते. आमचे तेहेतीस वर्षांनी उतरले.

आम्हा चौघांत एक बाई आहेत. त्यांचे सांगणे त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले आहे: "शाळेत रडता येत नाही, आणि घरी गेल्यावर सवड नसते." तान्हे मूल वर्गाच्या कोपऱ्यात झोळीत टाकून त्यांनी दोन वर्षे शिकविले. मोठ्या मुली मधल्या सुटीत त्यांच्याजवळ येऊन बसत आणि घरचे सांगत. कोणाचे लग्न ठरले आहे, कोणाचा बाप पितो, कोणाला सकाळपासून काही खायला मिळाले नाही. त्यांचे ऐकून घ्यावयाचे, आणि घंटा झाली की भूगोल. ह्या ऐकण्याचा तास वेळापत्रकात कोठेच नसतो.

एक पावसाळ्यात दुसरीतली एक मुलगी तापाने गेली. डोंगरातला ताप आपल्या भागात नवा नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना बाईंच्या तोंडून सवयीने तिचे नाव निघून गेले. वर्ग त्यांच्याकडे पाहत राहिला. त्यांनी पुढचे नाव घेतले, त्याच्या पुढचे घेतले, हजेरी पुरी केली. महिनाअखेर पटावर तिच्या नावापुढे लाल शाईने 'नाव कमी' असे लिहावे लागते. बाई म्हणतात, ते दोन शब्द त्यांनी तीन दिवस लिहिले नाहीत. त्यांना तसे सांगावयाचे कोणाला होते? एकशिक्षकी शाळेत दुसरा शिक्षकच नसतो.

आपण शिक्षकापुढे साने गुरुजींचे चित्र टांगतो. त्या चित्रापुढे आम्हीही नम्र आहोत. पण एक गोष्ट लहान तोंडी मोठा घास घेऊन सांगतो. अंमळनेरच्या शाळेत गुरुजी शिक्षक होते ती वर्षे सहा, १९२४ ते १९३०. मग ते सत्याग्रहात गेले. त्यांच्यासारखे हृदय सामान्य माणसाने तेहेतीस वर्षे उघडे ठेवावयाचे म्हटले तर त्याला कोठेतरी आडोसा लागतो. तो मिळाला नाही तर माणूस दोनपैकी एक होतो: रूळ उचलतो, किंवा खुर्चीत बसून पेंगतो. दोन्ही प्रकार आम्ही पाहिले आहेत. दोन्ही काही दिवस होऊनही पाहिले आहेत.

तो कोलामाचा मुलगा परत आला का, असे आपल्या मनात आले असेल. आला. वेचणी संपल्यावर, जानेवारीत आला. पुढल्या पावसाळ्यापर्यंत बोलू लागला. तिसरीनंतर मात्र त्याने शाळा सोडली, शेळ्यांच्या जागी बैल आले. आता त्याचे केस पांढरे झाले आहेत. बाजारात आमच्या सोबत्याची आणि त्याची गाठ पडते. तो 'राम राम मास्तर' म्हणतो, पिशवीत चार सीताफळे घालतो. त्या दिवसाविषयी दोघेही बोलत नाहीत.

आता मागणे. आपली संस्था दर वर्षी पहिल्या आलेल्या मुलांना बक्षिसे देते, गरजूंना वह्या देते. ते चालू राहावे. ह्या महोत्सवाच्या निमित्ताने शिक्षकांसाठी पुतळा, मानपत्र, शाल-श्रीफळ असे काही करू नये, अशी विनंती आहे. त्याऐवजी संस्थेच्या इमारतीतली माडीवरची खोली महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन तास आम्हाला द्यावी. नोकरीत असलेला कोणत्याही माध्यमाचा शिक्षक तेथे यावा; मराठी, तेलुगू, उर्दू, आश्रमशाळेचा, कोणीही. अधिकारी नकोत, इतिवृत्त नको, भाषणे तर नकोतच. ह्या महिन्यात वर्गात काय बिघडले, ते एकाने सांगावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, दहा आकडे मोजून मग बोलावे. डोंगरातून येणाऱ्यांना बसभाडे संस्थेने द्यावे, चहा आम्ही चौघे आळीपाळीने करू. एक मोठी वही मात्र लागेल, उभे पाच रकाने आखलेली: मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, लमाणी. हरवलेल्या वहीतले जे शब्द आठवतात ते आम्ही पहिल्या पानावर लिहून आणू. पुढची पाने आजच्या शिक्षकांनी भरावीत.

खोलीची किल्ली कोणाकडे ठेवावयाची, तेवढे विश्वस्तांनी ठरवावे. येत्या पहिल्या रविवारी साडेदहाला आम्ही जिन्यात येऊन बसतो.